उत्तर न देणारे फंक्शन आणि गप्प बसणारा कंपायलर



"प्रोग्राम चालला ना, मग झालं!" हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा समाचार घेणे आता भाग आहे. हे वाक्य म्हणणाऱ्यांचा समज असा असतो की प्रोग्राम चुकीचा असता तर कंपायलरने तो नाकारलाच असता. कंपायलरने नाकारला नाही, पडद्यावर अपेक्षित उत्तर आले, म्हणजे प्रोग्राम बरोबर. सी आणि सी प्लस प्लस या भाषांच्या बाबतीत हा समज साफ खोटा आहे. तो खोटा कसा, हे एका लहानशा आणि रोज घडणाऱ्या प्रकारावरून दाखवता येते. उत्तर देण्याचे कबूल करून उत्तर न देणारे फंक्शन, हा तो प्रकार.

हा विषय आम्ही का घेतला? आमच्यातले काही जण दर रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात संगणकाचा अभ्यासवर्ग चालवतात. डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी करणारी मुले-मुली येतात. बहुतेकांच्या घरात संगणक शिकणारे ते पहिलेच. घरी विचारायला कोणी नाही, शेजारी कोणी नाही. त्यांच्यासाठी चूक-बरोबर सांगणारा एकच न्यायाधीश हाताशी असतो, तो म्हणजे कंपायलर. म्हणून तो कधी बोलतो, कधी गप्प बसतो आणि का गप्प बसतो, हे समजून घेणे आमच्यासाठी चैनीचा विषय नाही.

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करू. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एक स्वतंत्र भाग. त्याला माहिती द्यायची, तो काम करतो आणि उत्तर परत देतो. या उत्तराला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात. सीमध्ये फंक्शन लिहिताना पहिल्याच ओळीत सांगावे लागते की ते कोणत्या प्रकारचे उत्तर देणार. 'इंट' लिहिले म्हणजे पूर्णांक देणार. 'व्हॉइड' लिहिले म्हणजे काम करणार, पण उत्तर काही देणार नाही. पहिली ओळ ही लेखी हमी आहे. ज्याने फंक्शनला बोलावले तो या हमीवर विसंबून पुढचा हिशोब करतो.

आता एक फंक्शन घ्या. ते मार्क घेते आणि श्रेणी परत देते. मार्क ७५ किंवा अधिक असतील तर १, ६० किंवा अधिक असतील तर २, ४० किंवा अधिक असतील तर ३. तीन 'इफ', तीन 'रिटर्न', महिरपी कंस, फंक्शन संपले. दिसायला नीटनेटके. पण ३५ मार्क आले तर? तिन्ही अटी खोट्या ठरतात. प्रोग्राम शेवटच्या कंसापाशी येऊन उभा राहतो आणि हातात द्यायला काही नसते. पहिल्या ओळीत मात्र 'इंट' लिहिलेले आहे.

अशा वेळी कंपायलरने काय करावे? जावाचा कंपायलर हा प्रोग्राम घेतच नाही. रिटर्न विधान राहिले आहे असे सांगतो आणि थांबतो. गो भाषेचा कंपायलरही नाकारतो. रस्टचा कंपायलर नाकारतो, आणि शेवटच्या ओळीतल्या जास्तीच्या अर्धविरामामुळे उत्तर हरवले असेल तर तो अर्धविराम काढा असेही सुचवतो. सीचा कंपायलर मात्र प्रोग्राम घेतो. फार तर एक इशारा देतो, तोही तुम्ही मागितला असेल तर. जीसीसी या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कंपायलरमध्ये सी भाषेसाठी हा इशारा आपणहून चालू नसतो. इशाऱ्यांचा 'ऑल' हा पर्याय द्यावा लागतो, तेव्हा तो दिसतो.

मग ३५ मार्कांचे काय होते? इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर पूर्णांक उत्तर एका ठरलेल्या जागेतून परत येते. त्या रजिस्टरचे नाव ईएएक्स. बोलावणारा तिथे पाहतो आणि जे सापडेल ते उत्तर समजतो. आपल्या फंक्शनने तिथे काहीच ठेवले नाही, तर आधीच्या कुठल्यातरी हिशोबाचा आकडा तिथे पडलेला असतो. कधी तर मार्कांचाच आकडा राहिलेला असतो आणि विद्यार्थ्याची श्रेणी ३५ अशी छापली जाते. ही चूक निदान डोळ्याला खटकते.

खरा घात ऑप्टिमायझेशनमध्ये होतो. प्रोग्राम वेगवान व्हावा म्हणून कंपायलर जी काटछाट करतो ती म्हणजे ऑप्टिमायझेशन. सी प्लस प्लसचे प्रमाणित नियम असे सांगतात की उत्तर देणारे फंक्शन उत्तर न देता शेवटाला पोहोचले, तर पुढे काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही. जीसीसीची आठवी आवृत्ती २०१८ साली आली. तिच्यापासून सी प्लस प्लससाठी हा इशारा आपणहून चालू झाला, हे चांगले झाले. पण त्याचबरोबर असे फंक्शन शेवटाला कधी पोहोचणारच नाही, असे गृहीत धरून काटछाट करण्याचे धोरणही तिने घेतले.

याचा अर्थ आपल्या उदाहरणात लावून पाहा. कंपायलरचा तर्क असा चालतो: हा प्रोग्राम नियमाने लिहिला आहे. नियमाने लिहिला असेल तर शेवटच्या कंसापर्यंत कोणी येणार नाही. म्हणजे ४० पेक्षा कमी मार्क कधी येणारच नाहीत. तसे असेल तर 'मार्क ४० किंवा अधिक आहेत का' हे विचारायचेच कशाला? काढून टाका ती अट. परिणाम असा की ३५ मार्क मिळवणारा, १० मार्क मिळवणारा, शून्य मार्क मिळवणारा, सगळे तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण. पडद्यावर एकही चूक दिसत नाही. लिहिणाऱ्याने अट लिहिली होती, ती फाईलमध्ये अजूनही दिसते, पण चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती अस्तित्वात नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कंपायलर बेइमानी करतो असा आमचा आरोप नाही. तो नियमाप्रमाणेच वागतो. आमचा आक्षेप नियमावर आहे. म्हणून नियम असा का झाला ते पाहावे लागेल.

सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. तिच्या आधीच्या 'बी' भाषेत प्रकार ही कल्पनाच नव्हती, सगळे मशीनच्या एकाच मापाचे शब्द. १९७८ साली कर्निगन आणि रिची यांचे सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तक आले. त्या पुस्तकातल्या सीमध्ये 'व्हॉइड' नव्हते. फंक्शनचा प्रकार लिहिला नाही तर ते 'इंट' समजले जाई. म्हणजे उत्तर देणारे फंक्शन आणि नुसते काम करून थांबणारे फंक्शन, दोघांचे बाह्यरूप एकच. रिटर्न नसलेले फंक्शन दिसले तर लिहिणारा विसरला की त्याला उत्तर द्यायचेच नव्हते, हे कंपायलरला कळण्याचा मार्गच नव्हता. त्या काळात कंपायलर गप्प बसला यात त्याचा दोष नाही.

पण ही उणीव तेव्हाही लोकांना दिसत होती. बेल लॅब्जमधलेच स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'लिंट' नावाचे वेगळे साधन तयार केले. कंपायलरने सोडून दिलेल्या संशयास्पद जागा शोधणे हे त्याचे काम. एखादे फंक्शन काही वाटांनी उत्तर देते आणि काही वाटांनी देत नाही, हे लिंट दाखवून देत असे. म्हणजे हा प्रश्न आज आम्हाला सुचला असे नाही. भाषा घडवणाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर तो चाळीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे.

पुढे १९८९ साली सीचे पहिले प्रमाणीकरण झाले आणि 'व्हॉइड' अधिकृत झाले. आता भेद करता येत होता. हमी न देणाऱ्याने 'व्हॉइड' लिहावे, हमी देणाऱ्याने ती पाळावी, एवढा सोपा नियम करणे शक्य होते. तो केला गेला नाही, कारण जुने प्रोग्राम मोडले असते. १९९९ च्या प्रमाणात अर्धे पाऊल पुढे पडले. प्रकार न लिहिता 'इंट' समजण्याची सवलत गेली. उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये नुसते 'रिटर्न' लिहून पुढे काहीच न देणे नियमबाह्य ठरले. पण रिटर्न हा शब्दच न लिहिता फंक्शन संपवणे चालू राहिले! सीचा नियम असा की शेवटच्या कंसाला पोहोचायला हरकत नाही. बोलावणाऱ्याने ते न दिलेले उत्तर वापरले, तरच पुढची हमी संपते. सी प्लस प्लसमध्ये बोलावणाऱ्याने उत्तर वापरो अथवा न वापरो, पोहोचणे हाच हमीचा शेवट. दोन भाषांमधला हा फरक अनेक शिक्षकही सांगत नाहीत.

नुसते 'रिटर्न' लिहिणे १९९९ साली नियमबाह्य झाले, पण जीसीसीने ते आपणहून एरर मानायला सुरुवात केली २०२४ साली, चौदाव्या आवृत्तीत. मध्ये पंचवीस वर्षे गेली. आणि तरीही काही न लिहिता शेवटाला पोहोचणे आजसुद्धा इशाऱ्यावरच आहे. कागदावर नियम होणे आणि तो अमलात येणे यांच्यात केवढे अंतर असू शकते, याचे हे एक तांत्रिक उदाहरण म्हणून लक्षात ठेवा.

आता या व्यवस्थेच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते एकेक तपासू.

पहिला युक्तिवाद गणिताचा आहे. ते म्हणतात, प्रोग्राम अमुक ठिकाणी पोहोचेल की नाही हे कोणत्याही प्रोग्रामबद्दल अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली केलेल्या कामातून हे सिद्ध होते. मग कंपायलरकडून ही अपेक्षा का करता?

सिद्धांत खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. जावाचा कंपायलर ट्युरिंगच्या सिद्धांताला हरवत नाही. तो प्रोग्रामच्या मनातले ओळखत नाही, लिहिलेल्या आकाराकडे पाहतो. कोणते विधान नीट पूर्ण होऊ शकते आणि कोणते नाही, याचे साधे नियम जावाच्या विनिर्देशातच लिहिलेले आहेत. त्या नियमांनुसार फंक्शन शेवटाला पोहोचू शकते असे दिसले की नकार. यात काही बरोबर प्रोग्रामही अडतात, हे आम्ही मान्य करतो. 'एक्स शून्याहून मोठा असेल तर १ परत कर. एक्स शून्य किंवा लहान असेल तर २ परत कर' असे दोन वेगळे 'इफ' लिहिले तर माणसाला दिसते की तिसरी शक्यता नाही. तरी जावा नाकारतो. पण दुसरा 'इफ' काढून तिथे 'एल्स' लिहिले की काम झाले, आणि वाचणाऱ्यालाही तेच अधिक स्पष्ट. गो भाषेचा नियम सुरुवातीला याहून कडक होता. 'इफ' आणि 'एल्स' दोन्हीकडे रिटर्न असले तरी शेवटी आणखी एक लागत असे. २०१३ साली आलेल्या १.१ आवृत्तीत तो जाच दूर केला गेला. मूळ अट मात्र राहिली. जाच कमी करण्यासाठी नियम मोडीत काढावा लागत नाही, हे त्यातून दिसते.

दुसरा युक्तिवाद: जगात सीचे करोडो ओळींचे जुने प्रोग्राम आहेत, ते मोडतील. हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण जुन्यासाठी सवलत ठेवणे आणि नव्याला त्याच सवलतीत वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुना प्रोग्राम चालवायचा असेल त्याने जुना पर्याय निवडावा. आज पहिला प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीने १९७८ च्या सोयीचा भार का उचलावा? मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने मधला मार्ग काढलेला आहे. फंक्शनमध्ये एकही रिटर्न नसेल तर तो आपणहून एरर देतो. काही वाटांवर असेल आणि काही वाटांवर नसेल तर इशारा देतो. म्हणजे करायचे ठरवले तर करता येते.

तिसरा युक्तिवाद सर्वात जास्त ऐकू येतो आणि तोच आम्हाला सर्वात जास्त बोचतो: "चांगला प्रोग्रामर अशा चुका करतच नाही. ज्याला जमत नाही त्याने या वाटेला येऊ नये."

याला उत्तर म्हणून आमच्या अभ्यासवर्गातली एक हकिकत सांगतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. तिने तीन विषयांच्या मार्कांची बेरीज करणारे फंक्शन लिहिले. आत बेरीज केली, 'टोटल' नावाच्या चलात ठेवली आणि फंक्शन संपवले. टोटल परत द्यायचे राहिले. कॉलेजच्या संगणकावर प्रोग्राम चालला. उत्तर बरोबर आले. दहा वेळा चालवला, दहा वेळा बरोबर. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही मिळाली. पुढे एका कंपनीच्या भरती परीक्षेत तिने तशाच पद्धतीने फंक्शन लिहिले, आणि तिथे प्रोग्राम मधेच बंद पडला. कारण कोणी सांगितले नाही. रविवारी ती आली ती खाली मान घालून.

"दादा, कॉलेजात हेच बरोबर येत होतं. तिथं बंद पडलं. माझंच डोकं चालत नाही बहुतेक."

आम्ही तिला फळ्यावर रजिस्टर काढून दाखवले. ऑप्टिमायझेशन नसताना तिच्या फंक्शनने शेवटची बेरीज नेमकी त्याच रजिस्टरमध्ये केली होती जिथून उत्तर परत जाते. तिने उत्तर दिले नव्हते, पण उत्तर योगायोगाने दारातच ठेवलेले होते. परीक्षेच्या संगणकावर सी प्लस प्लसचा नवा कंपायलर ऑप्टिमायझेशनसह चालत होता. त्याने पाहिले की ही बेरीज कोणी वापरत नाही. ती काढून टाकली. फंक्शन शेवटाला पोहोचणारच नाही असे धरल्यामुळे परत फिरण्याची सूचनासुद्धा लिहिली नाही. मग प्रोग्राम फंक्शनच्या पुढे जे काही पडले होते त्यात घुसला आणि कोसळला.

ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कॉलेजातच चुकीचं होतं. तिथंच कोणीतरी सांगायला पाहिजे होतं."

हाच आमचा मुद्दा आहे. ओळ राहिली होती, हे खरे. ती दुरुस्त करायला पाच सेकंद लागतात. पण ती राहिली हे सांगण्याची कुवत असलेले साधन समोर असताना ते बोलले नाही, आणि त्या न बोलण्याची किंमत तिने सहा महिन्यांनी, नोकरीच्या दारात मोजली. ज्याच्या घरात दोन इंजिनिअर आहेत तो मुलगा अशा वेळी म्हणतो, "कंपायलर विचित्र वागतोय, दादाला विचारतो." जिच्या घरात कोणी नाही ती म्हणते, "माझं डोकं चालत नाही." चूक एकच आणि मौनही एकच, पण त्याचा अर्थ दोघे वेगळा लावतात. म्हणून "चांगला प्रोग्रामर चूक करत नाही" या युक्तिवादाला आम्ही तांत्रिक युक्तिवाद मानत नाही. जुन्या जाणकारांच्या हातूनही ही चूक होते. फरक एवढाच की त्यांचे संगणक इशारे चालू करून ठेवलेले असतात.

आणि आपल्याकडची परिस्थिती पाहा. कितीतरी कॉलेजांमध्ये वर्षानुवर्षे टर्बो सी प्लस प्लसवर प्रॅक्टिकल घेतली गेली. निळ्या पडद्याचे ते डॉसवरचे साधन १९९० च्या सुरुवातीच्या वर्षांतले. सी प्लस प्लसचे पहिले प्रमाण त्यानंतर, १९९८ साली आले. म्हणजे विद्यार्थ्याने ज्या साधनावर हात बसवला ते भाषेच्या नियमांपेक्षाही वयाने मोठे. फंक्शनने उत्तर द्यायला हवे असा इशारा तेही देत असे. पण इशाऱ्यांचा आकडा एका चौकटीत चमकून जातो, प्रोग्राम चालतो, आणि मुलांना शिकवलेले असते की वॉर्निंगकडे लक्ष द्यायचे नाही, एररकडे द्यायचे. जर्नलमध्ये 'व्हॉइड मेन' लिहायची पद्धत तिथलीच. सी प्लस प्लसच्या प्रमाणात 'मेन'चा प्रकार 'इंट' असणे सक्तीचे आहे. त्या एका फंक्शनला १९९९ च्या सीमध्ये आणि सी प्लस प्लसमध्ये खास सूट आहे: 'मेन' काही न देता संपले तर त्याने शून्य दिले असे मानले जाते, आणि शून्य म्हणजे काम यशस्वी. ही सूट फक्त 'मेन'ला आहे. विद्यार्थी ती पाहतो आणि सगळ्याच फंक्शनना लागू समजतो. यात त्याला दोष कसा द्यायचा?

काही तरुण मित्र म्हणतील, आम्ही पायथन शिकतो, आमचा याच्याशी संबंध नाही. संबंध आहे. पायथनमध्ये फंक्शनने काही परत दिले नाही तर 'नन' ही ठरलेली किंमत मिळते. सीपेक्षा हे चांगले, कारण कचरा मिळत नाही. पण चूक एका ठिकाणी होते आणि प्रोग्राम दुसऱ्याच ठिकाणी, कधी शंभर ओळी पुढे, त्या 'नन'वर अडखळतो. फंक्शनचे प्रकार लिहून 'मायपाय'सारखे तपासणीचे साधन वापरले तर राहिलेले रिटर्न आधीच कळते.

आता आमच्याच बाजूची एक कमजोरी सांगितली नाही तर हा लेख एकतर्फी होईल. कंपायलरने नकार दिला म्हणजे प्रोग्राम आपोआप खरा होत नाही. जावा शिकणारी मुले काय करतात? एरर आली की शेवटी 'रिटर्न झिरो' टाकतात. वर्गात हा संवाद नेहमी होतो.

"दादा, शेवटी रिटर्न झिरो टाकला, एरर गेली."

"शून्य ही कोणती श्रेणी?"

"कोणतीच नाही."

"मग जी श्रेणी नाही ती परत का दिलीस?"

कंपायलरचे तोंड बंद करण्यासाठी दिलेला शून्य हे खोटे उत्तर आहे. ते कधी कधी न दिलेल्या उत्तरापेक्षा घातक ठरते, कारण आता इशाराही येणार नाही. सक्तीचा नियम फक्त एवढेच करतो की लिहिणाऱ्याला त्या वाटेवर थांबवून विचारतो, येथे काय द्यायचे आहे? विचार त्यालाच करावा लागतो. आणि प्रामाणिक उत्तरे दोनच आहेत. ३५ मार्कांना अर्थ असेल, तर तो अर्थ लिहा: ४० पेक्षा कमी म्हणजे अनुत्तीर्ण, त्याचा वेगळा आकडा ठरवा आणि तो परत द्या. त्या वाटेने कोणी येणे हेच चूक असेल, उदाहरणार्थ मार्क उणे पाच असतील, तर उघड नकार द्या. जावामध्ये एक्सेप्शन फेका, गोमध्ये 'पॅनिक' करा, सीमध्ये 'अबॉर्ट' बोलावून प्रोग्राम थांबवा. थांबलेला प्रोग्राम कोणालाही फसवत नाही. खोटी श्रेणी वाटत सुटलेला प्रोग्राम फसवतो.

म्हणून आमची भूमिका थोडक्यात अशी आहे. फंक्शनने उत्तर द्यावे किंवा स्पष्ट नकार द्यावा. काहीच न बोलता निघून जाण्याची तिसरी वाट भाषेनेच बंद केली पाहिजे. सी आणि सी प्लस प्लस ती बंद करत नाहीत तोवर आपण आपल्या संगणकावर ती बंद करू शकतो. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरमध्ये 'रिटर्न टाइप' नावाच्या या इशाऱ्याला एररचा दर्जा देण्याचा पर्याय आहे. तो एकदा चालू केला की सीचा कंपायलरही जावासारखाच नकार देतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत, नवा संगणक लागत नाही.

आमच्या अभ्यासवर्गातल्या प्रत्येक संगणकावर हा पर्याय आता कायम चालू आहे. नवीन मूल आले की पहिल्या दिवशी फंक्शनच्या सगळ्या वाटा फळ्यावर काढायला लावतो आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला जाऊन विचारतो, इथे हातात काय आहे? सुरुवातीला मुले कंटाळतात. दुसऱ्या महिन्यात तीच मुले एकमेकांच्या प्रोग्राममधली रिकामी वाट शोधायला लागतात.

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत असा वर्ग चालत असेल तर तेथेही हे करा. वर्ग नसेल आणि तुम्ही कॉलेजात शिकत असाल तर प्रॅक्टिकलला बसताना इशारे चालू करायचा आग्रह धरा. कोणी म्हणाले, "प्रोग्राम चालला ना, मग झालं," तर त्यांना नम्रपणे विचारा: सर, ३५ मार्कांना हा कोणती श्रेणी देतो?